वीस हजारांत टर्नटेबल: एलपी आणि ७८ च्या रेकॉर्ड दोन्ही वाजवायच्या आहेत

सांगलीकर:
नमस्कार. वडिलांच्या पश्चात घरात रेकॉर्डचा मोठा साठा राहिला आहे. त्यात भीमसेन जोशी आणि कुमार गंधर्व यांच्या एलपी (मोठ्या रेकॉर्ड, मिनिटाला ३३ फेऱ्या), भावगीतांच्या छोट्या ईपी (४५ फेऱ्या) आणि बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांच्या नाट्यपदांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जड, जुन्या तबकड्या असे सारे एकत्र आहे. अँप्लिफायर चालू स्थितीत आहे, पण त्याला फोनोची (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल घेणारी) जोडणी नाही. खर्चाची मर्यादा वीस हजार. ऑनलाइन दुकानांत तिन्ही वेगांचे, आतच स्पीकर असलेले सूटकेसवजा प्लेअर बरेच स्वस्त दिसतात. त्यांपैकी एखादा घ्यावा का? शिवाय अमेरिकेतला भाचा तिकडचा एखादा जुना टर्नटेबल आणतो म्हणतो आहे, त्यात काही अडचण येईल का?

काळी चार:
सूटकेसवजा प्लेअर मी तरी घेऊ नये असे सांगेन. त्यांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) असते, सुई रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅम वजनाने टेकते आणि ते वजन कमी करण्याची सोय नसते; एलपीला याच्या निम्मे वजन पुरते. वेगाच्या खटक्यावर ७८ असा आकडा असला, तरी त्या तबकडीला लागणारी सुई सोबत मिळतेच असे नाही. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन असते, तर ७८ साठी ती सुमारे ७५ मायक्रॉन लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि गाणे ज्या भिंतींवर कोरलेले आहे त्या सोडून तळातली धूळ आणि खरखर तेवढी उचलते. या तबकड्या लाखेच्या असून त्यांत दगडाची पूड मिसळलेली असते, त्यामुळे सुईही लवकर झिजते. उलट, ७८ ची जाड सुई चुकूनही एलपीवर ठेवू नये.

तुमच्या मर्यादेत ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी६०एक्स बसावा. तो पूर्ण स्वयंचलित आहे, म्हणजे बाजू संपली की टोनआर्म (सुईचा दांडा) आपोआप जागेवर परततो, आणि फोनो प्रीअँप (तो क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) आतच असल्याने तो तुमच्या अँप्लिफायरच्या ऑक्सला, म्हणजे साध्या जोडणीला, थेट जोडता येईल. मात्र त्याला ३३ आणि ४५ हे दोनच वेग आहेत. एलपी आणि ईपी आत्ता ऐकायला लागा, ७८ चे नंतर पाहता येईल.

चोरबाजारचा वाटसरू:
यंत्राबद्दल वरील मताशी सहमत आहे, क्रमाबद्दल नाही. भीमसेनजींच्या किंवा कुमारजींच्या एलपीवरचे बरेचसे गाणे आज सीडीवर अथवा ऑनलाइन सहज मिळते. नाट्यपदांच्या ७८ च्या तबकड्यांचे तसे नाही, शिवाय त्या हातातून निसटल्या की फुटतात. साठ्यातला मोलाचा भाग तोच असेल, तर काही महिने थांबून त्याच कंपनीचा एटी-एलपी१२०एक्स घ्यावा, जरी त्याला जवळपास दुप्पट पैसे पडले तरी. त्याला ७८ चा वेग आहे, सुईचे वजन कमी-जास्त करता येते, आणि त्याच्या व्हीएम९५ कार्ट्रिजमधली सुई ओढून काढून जागी ७८ साठीची एसपी सुई बसवता येते. ती बसवल्यावर वजन सुमारे पाच ग्रॅमवर आणायचे आणि एलपी लावण्यापूर्वी सुई व वजन दोन्ही पूर्ववत करायचे. या तबकड्या मोनो (एकाच वाहिनीच्या) आहेत, म्हणून अँप्लिफायरला मोनोचे बटण असेल तर ते दाबावे. खरखर लक्षणीय कमी होते.

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एचएमव्ही फिएस्टासारखे जुने प्लेअर दिसतात आणि मोहही होतो. पण त्यांच्या आतले रबरी चाक बहुधा कडक झालेले असते, मग सूर डळमळतो. दुरुस्तीची हौस असेल तरच त्या वाटेला जावे.

पन्नास हर्ट्झ:
भाच्याने आणायच्या यंत्राविषयी. तिकडे वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झची. थेट विजेवर चालणाऱ्या सिंक्रोनस मोटरचा वेग या आकड्यावर ठरतो. ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्टची सोय केली तरी यंत्र सुमारे १७ टक्के हळू फिरेल आणि सूर खाली उतरेल. पेटीवर सांगायचे तर काळी पाचची पट्टी पांढरी पाचला येईल. अडॅप्टरवर, डीसीवर चालणाऱ्या नव्या यंत्रांना हा दोष नसतो. भाच्याला मोटरचा प्रकार पाहून मगच घ्यायला सांगा.

सांगलीकर:
सर्वांचे आभार. तबकड्या वेगळ्या काढून पाहिल्या, तर निम्म्याहून अधिक ७८ च्याच निघाल्या, त्यामुळे थांबून एलपी१२०एक्स घेण्याचे ठरवतो आहे. काहींवर बुरशीचे पांढरे डाग आहेत. त्या स्पिरिटने पुसल्या तर चालेल का?

काळी चार:
अजिबात नको. स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच, आणि त्यात लाख विरघळते, त्यामुळे एलपीसाठी मिळणारे अल्कोहोलयुक्त द्रावणही ७८ ला लावू नये. स्वच्छ पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचे दोन-तीन थेंब घालून मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने पुसा, लेबल भिजू देऊ नका, साध्या पाण्याने पुन्हा पुसून घ्या आणि सावलीत उभ्या ठेवून वाळवा. उन्हात त्या वाकतात.