ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर दोन मिनिटांची क्लिप कशी घ्यायची?

प्रश्न: गुरुजींचा तबल्याचा लाइव्ह वर्ग त्यांना विचारूनच रेकॉर्ड करतो. डग्ग्यावर (डाव्या हाताच्या तबल्यावर) मनगट कसं घासतात ते पुन्हा पुन्हा बघायचं असतं. रविवारी ऐन तिहाईला (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याला) लाइट गेली, एमपी४ फाइल उघडेचना. फार लागलं मनाला.

उत्तर १: सेटिंग्जमध्ये आउटपुटला एमकेव्ही हा फाइल-प्रकार निवडा. लाइट गेली तरी तोवरचं शाबूत राहतं. नंतर रीमक्स करून (फक्त फाइलचा प्रकार बदलून) एमपी४ करा, दर्जा तसाच राहतो.

उत्तर २: दीड तास रेकॉर्डिंग कशाला? रिप्ले बफर (मागचा ठरावीक वेळ साठवत राहणारी सोय) १२० सेकंदांचा ठेवा, सेव्हला हॉटकी (शॉर्टकट बटण) लावा. पलटा (बोल फिरवून वाजवलेली रचना) संपला की दाबा, मागची दोन मिनिटं जपली जातात.

प्रश्नकर्ता: जमलं! आधी क्लिपमध्ये आवाज येत नव्हता. मिक्सरमध्ये डेस्कटॉप ऑडिओ म्यूट होता. आता धिरधिर या बोलाला तळवा कसा वळतो ते स्पष्ट दिसतंय. मनापासून आभार.