पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरमालकांवर वीज-गॅस तपासणीची सक्ती असावी का?

सागरतीर :
दिवेआगरपासून मालवणपर्यंत घरगुती निवासाची सोय गेल्या काही वर्षांत भराभर वाढली आहे. मागच्या पडवीच्या जागी दोन खोल्या काढायच्या, प्रत्येक खोलीत एसी आणि गिझर बसवायचा आणि वीज मात्र घराच्या जुन्याच मेन स्विचवरून ओढायची, अशी अनेक ठिकाणची रीत आहे. माझे मत असे की, जो मालक पैसे घेऊन परक्या कुटुंबाला रात्रभर आपल्या छपराखाली ठेवतो, त्याने दरवर्षी परवानाधारक ठेकेदाराकडून वायरिंगची आणि गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडून शेगडी, नळी व रेग्युलेटरची तपासणी करून घ्यावी, तिचा दाखला खोलीत दर्शनी भागी लावावा आणि हे सारे सक्तीचे असावे. इंग्लंडमध्ये भाड्याने घर देणाऱ्याला 1998 च्या नियमांनुसार गॅसची तपासणी दरवर्षी करावी लागते, 2020 च्या नियमांनुसार विजेची तपासणी किमान पाच वर्षांतून एकदा करावी लागते आणि दोन्हींचे अहवाल भाडेकरूला द्यावे लागतात. आपल्याकडे नवी वीजजोडणी घेताना ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट एकदा दिला, की पुढे त्या घराच्या तारांकडे सहसा कोणी ढुंकून पाहत नाही.

माडबागायतदार :
हेतूबद्दल वाद नाही. सक्तीला माझा विरोध आहे. राज्यात 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम लागू आहे आणि त्याच्या कक्षेतील इमारतींच्या मालकाने अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत द्यायचे असते. ही प्रमाणपत्रे पुष्कळदा कशी हाती पडतात, हे शहरातील गृहनिर्माण संस्थांत वावरलेल्या वाचकांना मी सांगायला नको. गावात तर तपासणारा माणूस तालुक्याहून येणार, हंगामाच्या तोंडावर त्याला सवड नसणार, आणि मग ठरलेल्या रकमेत शिक्का मारलेला कागद घरपोच मिळणार. तो भिंतीवर लागला की पाहुणाही निर्धास्त आणि मालकही निर्धास्त, तारा मात्र होत्या तशाच. शिवाय असे बरेचसे निवास घरातील बायका स्वयंपाक सांभाळून चालवतात. त्यांच्यामागे आणखी एक हेलपाटा लावून काय साधणार?

वायरमन, सिंधुदुर्ग :
हा माझा व्यवसाय आहे, म्हणून प्रत्यक्ष जे दिसते ते लिहितो. गिझर चालू ठेवून नळाच्या तोटीला टेस्टर लावला की मंद दिवा लागतो. सॉकेट उघडावे तर अर्थिंगची हिरवी तार कापून गुंडाळून ठेवलेली असते आणि तिच्या खुंटीवरून न्यूट्रलला एक तुकडा जोडलेला असतो. या जोडणीत न्यूट्रल कुठे तुटला, तर गिझरच्या धातूच्या अंगात थेट वीज उतरते. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, तेथे माणसाला वाचवत नाही, कारण 16 अँपिअरची एमसीबी तारेला जपण्यासाठी असते आणि माणसाचा जीव त्याच्या कितीतरी कमी प्रवाहात जातो. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, लागते. ती पावसाळ्यात वारंवार पडते म्हणून मालकच आम्हांला म्हणतात, ‘ती काढा आणि डायरेक्ट करा.’ गळती शोधायला अर्धा दिवस जातो, आरसीसीबी काढायला पाच मिनिटे पुरतात.

खाऱ्या हवेने अर्थिंगचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आणि त्यावरचे नटबोल्ट आतून खाऊन टाकलेले असतात. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की खड्ड्यात पाणी घातल्याशिवाय अर्थिंग काम देत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर घाईघाईने ओढलेल्या तारा आणि 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणला बुडालेले बोर्ड नुसते वाळवून पुन्हा वापरात आल्याचेही मी पाहिले आहे. तेव्हा तपासणी हवीच, पण ‘वायरिंग सुस्थितीत आहे’ असे एक वाक्य लिहून भागणार नाही. मेगरचे (तारांवरील आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राचे) वाचन, अर्थिंगचा रोध आणि आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडली, हे तीन आकडे कागदावर आलेच पाहिजेत.

आगरवाडी :
खरी अडचण कोणी बोलत नाही, ती मी मांडतो. पाहुण्यांचा स्वयंपाक पुष्कळ ठिकाणी 14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरवर होतो. व्यवसायासाठी 19 किलोचा घ्यायला हवा, हे सर्वांना ठाऊक आहे. विजेचेही तेच, कारण घरगुती जोडणीवर व्यवसाय आढळला तर 2003 च्या विद्युत अधिनियमाच्या कलम 126 नुसार दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. अशा स्थितीत तपासणीला माणूस येणार म्हटल्यावर मालक आधी काय लपवायचे ते पाहील. सक्ती आणायचीच असेल, तर तपासणारा आणि दंड करणारा यांचा एकमेकांशी संबंध नसावा.

चौकस :
पाहुणे स्वतःची इंडक्शन शेगडी आणून पाच अँपिअरच्या प्लगवर लावतात, त्याचा दोषही मालकाच्या माथी मारायचा का?

सागरतीर :
चौकस, हो, कारण त्या प्लगमागे किती जाडीची तार आहे हे पाहुण्याला कळण्याचा मार्ग नाही.

आगरवाडी यांचा मुद्दा मला पटतो; सुरक्षेची तपासणी दर-आकारणीपासून वेगळीच असावी. मात्र सिलिंडर लपवून मालक सुटत नाही. तेल कंपन्यांनी गॅस ग्राहकांसाठी घेतलेला अपघात विमा नियमानुसार वापरलेल्या नोंदणीकृत जोडणीपुरता असतो, तेव्हा घरगुती सिलिंडरवर खानावळ चालवणाऱ्याने भरपाई गृहीत धरू नये. आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गॅस गिझरचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. गॅस गळला तर मुद्दाम मिसळलेल्या वासामुळे कळते, परंतु बंद न्हाणीघरात अपुऱ्या हवेवर जळणाऱ्या गिझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवला आहे की नाही, एवढे पाहायला कोणताही परवानाधारक लागत नाही, आणि तरीही तो आतच असलेली घरे आहेत. सक्तीशिवाय तो बाहेर कोण काढणार, याचे उत्तर माडबागायतदार यांनी द्यावे.

माडबागायतदार :
उत्तर असे की, गिझर आत असलेल्या खोलीला पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणीच देऊ नये. नोंदणी ज्याला हवी आहे, त्याने अट पाळावी. याला मी सक्ती म्हणत नाही. वायरमनसाहेबांच्या तीन आकड्यांचीही अट घाला, माझी हरकत नाही. पण प्रत्येक घरावर दरसाल दाखल्याचा बडगा नको, या मतावर मी कायम आहे. आकडे तरी खरे लिहिले जातील याची हमी कोण देणार?

वायरमन, सिंधुदुर्ग :
हमी मलाही देता येणार नाही. मात्र अट घालायचीच असेल, तर अर्थिंगची मोजणी एप्रिल-मे महिन्यांतच, खड्ड्यात पाणी न घालता व्हावी असे तिच्यात लिहा. श्रावणात जमीन भिजलेली असताना मोजले, तर उन्हाळ्यात निरुपयोगी ठरणारे अर्थिंगही उत्तम आकडा दाखवते, आणि दाखल्यासाठी घाई करणारे मालक नेमके तेव्हाच बोलावतात.