केशराला नुसती पाती, फूल का येत नाही?

कुंडीवाली:
मागच्या वर्षी केशराचे १२ कंद लावले. दोन फुलं आली, म्हणजे एकूण सहा काड्या. त्या कागदाच्या पुडीत ठेवल्यात, कुणाला हात लावू देत नाही. फुलं गेल्यावर गवतासारखी पाती एवढी माजली की कुंडीबाहेर लोळायला लागली, म्हणून कात्रीने निम्मी उडवली. पाती वाळल्यावर कंद काढले. याला थंडी लागते असं ऐकलं होतं, म्हणून सगळा उन्हाळा ते फ्रिजमध्ये ठेवले. यंदा परत लावताना कंद लसणाच्या पाकळीएवढे दिसत होते. आता पाती आलीय, फूल एकही नाही. खत कमी पडलं का? एकाने बी पेरायला सांगितलंय, पाकीटही मिळतंय म्हणे.

हिरवाहात:
खतच कमी पडलं असणार. भरपूर शेणखत घाला, वर रोज पाणी.

गच्चीवरची_मावशी:
रोज पाणी नको हो, कंद कुजतील! ताई, खताचं नंतर बघू. तुमची फुलं कात्रीने नेली.

केशराचा लावलेला कंद त्याच हंगामात संपतो. तो आक्रसून चपटा होतो आणि त्याच्या डोक्यावर नवी पिल्लं धरतात. त्यांना पोसते ती पाती. फुलं सरल्यावर ती जितके दिवस हिरवी राहून ऊन खाईल, तितकी पिल्लं भरतात. तुमची उपाशी राहिली. ८-१० ग्रॅमच्या खालचा कंद सहसा फुलत नाही, पाती तेवढी काढतो. मी एका वर्षी सगळे कंद काट्यावर तोलून प्रत्येकावर पेनाने वजन लिहिलं होतं. ५ ग्रॅमवाल्यांपैकी एकानेही फूल दिलं नाही, १५ ग्रॅमच्या एकाने तीन दिली. घरात मला तेव्हापासून सोनार म्हणतात.

आणि फ्रिज! थंडी लागते हे खरं, पण शेवटी. पाती वाळल्यावर कंद झोपलेला दिसतो, पण त्याच दिवसांत आत कळी धरते, आणि तिला २३ ते २७ अंशांची ऊब लागते. पुढे हवा १७ अंशांच्या आसपास उतरली की फूल बाहेर पडतं. तुम्ही कळी धरायच्या वेळीच गारठा दिलात. जाळीच्या पिशवीत, कोरड्या, वारा खेळेल अशा सावलीत टांगायचे, बस्स.

बियांचं पाकीट घेऊ नका. केशर वांझ आहे. त्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी धरतच नाही. सगळीकडे लागवड कंदांवरच चालते. पाकिटातून करडई उगवली तर नवल नाही.

भिंगवाला:
एक भर घालतो. नवे कंद घेतलेत तर पहिल्या फुलातले पुंकेसर मोजा. केशरात तीन असतात. सहा दिसले तर ते कोल्चिकम, दिसायला तसंच पण जहाल विषारी. चाखून बघायच्या फंदात पडू नका.

कुंडीवाली:
म्हणजे माझ्याच हाताने घात झाला. हे लसूणछाप कंद आता टाकून द्यायचे का?

गच्चीवरची_मावशी:
टाकता कशाला? आत्ता हलवूही नका. या हंगामात फुलाची आशा सोडा आणि पाती सांभाळा. लोळली तर सुतळीने सैल बांधा. कुंडी दिवसभराच्या उन्हात हवी. माती वरून सुकली की पाणी, आणि पाती आपणहून पिवळी पडली की ते बंद. पुढच्या वेळी १०-१५ सेंटिमीटर खोल लावा आणि मातीत जाडी वाळू मिसळा, निचरा झालाच पाहिजे. शेणखत घालायचं तर पूर्ण कुजलेलं. ताजं मी एकदा घातलं होतं, अर्धे कंद बुरशीने नेले.

आणि हो, त्या सहा काड्या पुडीत नका ठेवू, दमट होतील. घट्ट झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत घालून अंधारात ठेवा. एक ग्रॅम व्हायला साधारण १५० फुलं लागतात, तेव्हा बाटली खरंच छोटी घ्या.

कुंडीवाली:
डोळ्यांच्या थेंबांची रिकामी बाटली होती, तिच्यात मावतील म्हटलं. मावल्या, पण आता दिसत नाहीत.

गच्चीवरची_मावशी:
अहो, काचेची म्हटलं होतं!