मदत हवी आहे: पहिल्या बिघाडापर्यंतच्या वेळेचं वितरण, मार्कोव्ह साखळीतून

नमस्कार मंडळी. दुरुस्त होणाऱ्या यंत्रणेचं सतत-काळ मार्कोव्ह मॉडेल केलंय (अवस्था कुठल्याही क्षणी बदलू शकते, आणि पुढचं सगळं फक्त आताच्या अवस्थेवर ठरतं). 'यंत्रणा पूर्ण बंद' ही शोषक अवस्था (जिथून परत येणं नाही) धरली आहे. तिथे पोहोचायला लागणाऱ्या वेळेचं अख्खं वितरण हवंय, नुसती सरासरी माझ्या कामाची नाही. प्रत्येक भागाच्या बिघाडाचा दर ताशी 0.00001, दुरुस्तीचा 1.

युनिफॉर्मायझेशन (सतत-काळ साखळीची पायरी-पायरीची साखळी करायची आणि दर पायरीचा निकाल पॉयसन संभाव्यतेचं वजन देऊन बेरजेत घ्यायचा) मला मनापासून आवडतं: बेरीज फक्त धन संख्यांची, आणि त्रुटीची मर्यादा आधीच ठरवता येते. पॉयसनची वजनं फॉक्स-ग्लिन पद्धतीने काढतो, त्यामुळे अंडरफ्लोचा (अतिलहान संख्या संगणकात शून्य होण्याचा) त्रास नाही. पण पायऱ्या साधारण सर्वांत मोठा दर गुणिले काळ इतक्या लागतात; 10 वर्षं म्हणजे 87,600 तास, मॅट्रिक्स-व्हेक्टर गुणाकार लाखाच्या घरात जातात! वितरणाचं लाप्लास रूपांतर काढून ते संगणकावर उलटवावं, तर सुरुवातीच्या काळातल्या अगदी बारीक संभाव्यता राउंडिंगमध्ये बुडतील अशी धास्ती वाटते.

इतक्या स्टिफ (दरांत प्रचंड तफावत असलेल्या) मॉडेलवर क्रायलोव्ह पद्धत (मोठ्या मॅट्रिक्सऐवजी छोट्या उपअवकाशात उत्तर काढणारी) कुणी चालवली आहे का? की इम्प्लिसिट रुंगे-कुट्टाच (स्टिफ विकलक समीकरणं मोठ्या पावलांनी सोडवणारी पद्धत) बरी?