वीस डोक्यांच्या हद्दीसाठी सरकारने किती खर्च करायचा?

भटक्या_बापू :
रात्री झोप येईना की मी नकाशे उघडून बसतो. सध्या मुक्काम ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडात आहे. तिकडे ‘लोकॅलिटी’ म्हणून सरकारने हद्द आखलेले भाग असतात. त्यातल्या कित्येकांत ना गाव, ना बाजार. नुसतं गवत, तारेचं कुंपण आणि दोन-चार कॅटल स्टेशनं, म्हणजे गुरं पाळायची अवाढव्य कुरणं. जनगणनेत कुठे वीस डोकी, कुठे चक्क शून्य. माझं मत सरळ आहे : एवढ्यांसाठी रस्ते, टपाल आणि विमानाने डॉक्टर पुरवणं म्हणजे करदात्याच्या पैशावर चोचले. राहायचं तर स्वतःच्या हिमतीवर राहा, नाहीतर शहरात या. पटत नसेल तर खोडून काढा.

खिल्लारी :
माणसं शहरात आणाल बापू, गुरं कुठल्या फ्लॅटमध्ये बांधणार? तिथे माणूस विरळ कारण गवतच विरळ. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं अ‍ॅना क्रीक हे एकच स्टेशन सुमारे १५,७०० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे जवळजवळ अख्खा पुणे जिल्हा. दाट वस्ती केलीत तर कुरण उरेल का?

आणि डॉक्टरचं म्हणाल, तर जॉन फ्लिन नावाच्या पाद्र्याने १९२८ साली क्वीन्सलंडातल्या क्लॉनकरी गावाहून ही विमानसेवा सुरू केली. स्टेशनवर तिची एक औषधपेटी असते. पेटीतल्या प्रत्येक औषधाला नंबर. डॉक्टर फोनवर विचारणार, ताप किती, दुखतंय कुठे. मग सांगणार, अमुक नंबरची एक गोळी आत्ता द्या. औषधाचं नाव वाचताना जीभ अडखळली तरी बिघडत नाही. पूर्वी हेच रेडिओवर चालायचं आणि रेडिओला वीज हवी म्हणून सायकलसारखं पायडल मारत बसावं लागे. याला चोचले म्हणता?

भटक्या_बापू :
पेटी पटली, मागे घेतो. पाण्याचं काय ते सांगा. ग्रेट आर्टेशियन बेसिन म्हणजे तिथला जमिनीखालचा प्रचंड पाणीसाठा. त्यावर या स्टेशनवाल्यांनी शे-सव्वाशे वर्षं बोअर मारले. पाणी पंपाशिवाय, आपल्याच दाबाने वर येतं, काही ठिकाणी हात पोळेल इतकं गरम. ते मैलोन्‌मैल उघड्या चरांतून सोडून दिलं. गुरांच्या तोंडाला लागण्याआधीच बहुतेक पाणी मुरायचं नाहीतर उडून जायचं. आता ते बोअर आवरायला आणि पाइप टाकायला सरकारी पैसा! सांडणार हे, भरणार शहरवाले.

खिल्लारी :
त्या खर्चात जमीनवाल्याचाही वाटा असतो हो. सांडलं हे मात्र खरं.

रानवाट :
तुम्ही दोघं हिशेब करताय तो गोऱ्या मालकांचा. वीसच डोकी का उरली, हे विचारलंत का? ही स्टेशनं उभी राहिली ती तिथल्या मूळ रहिवाशांच्या कष्टावर, शिधा आणि नाममात्र मजुरीवर. १९६६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीतल्या वेव्ह हिल स्टेशनवर व्हिन्सेंट लिंगियारींच्या मागे गुरिंजी लोक काम सोडून चालते झाले. मजुरीपासून सुरू झालेलं भांडण जमिनीपर्यंत गेलं. १९७५ साली पंतप्रधान व्हिटलम यांनी जमीन परत दिल्याची खूण म्हणून लिंगियारींच्या ओंजळीत माती घातली. तो फोटो पाहिला नसेल तर शोधून पाहाच.

दुसरीकडे, समान मजुरी लागू झाल्यावर अनेक मालकांनी कुटुंबंच्या कुटुंबं स्टेशनवरून हाकलली. पुढे गुरं वळायला हेलिकॉप्टर आणि मोटारसायकल आली. खिल्लारीदादा, हे काही गवताने केलं नाही.

खिल्लारी :
खरंय ताई. गवताचं कारण मी जरा जास्तच ताणलं.

भटक्या_बापू :
म्हणजे माझंच म्हणणं पक्कं झालं! अशा मालकांना का पोसायचं?

रानवाट :
नाही हो. १९९६ मध्ये विक नावाच्या मूळ रहिवाशांच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की मालकाकडे सरकारी चराईचा भाडेपट्टा असला म्हणून मूळ रहिवाशांचा हक्क आपोआप बुडत नाही. म्हणजे एकाच जमिनीवर दोघांचाही हक्क असू शकतो. रस्ता आणि डॉक्टर काढून घेतलात तर मालक विमान भाड्याने घेईल. बाकीच्यांनी काय करायचं?

खिल्लारी :
शिवाय २०१९ चा फेब्रुवारी आठवा. वर्षानुवर्षं दुष्काळ, मग एकाएकी पूर आणि वर गार वारा. उत्तर क्वीन्सलंडात पाचेक लाख गुरं गेली. वाचलेल्यांना लष्कराच्या हेलिकॉप्टरांनी वरून चारा टाकला. तेव्हा कुणी डोकी मोजली नाहीत.

भटक्या_बापू :
बरं बाबांनो, डॉक्टर ठेवा, रस्ताही ठेवा. पण शून्य वस्तीच्या हद्दीत टपाल? ते मी देणार नाही.

रानवाट :
शून्य माणसांना पत्र कोण पाठवतंय, बापू?