नैरोबी ते व्हिक्टोरिया फॉल्स, दोघे जण, दोन महिने : माणशी साडेतीन लाखांत जमेल का?

सांगलीचा_सॅकवाला

नमस्कार मंडळी. मी नोकरी बदलतोय, मधे दोन महिने मोकळे आहेत. बायकोचं काम लॅपटॉपवरचं, ती थोडं कमी करून येईल. जूनच्या सुरुवातीला मुंबईहून निघायचं, जुलैअखेर परत. टूर कंपनी नको, पाठीवर सॅक, बस-रेल्वेनं फिरायचं.

यादी : केनिया, युगांडा, रवांडा, तांझानिया, मलावी, झांबिया, झिम्बाब्वे, बोत्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका. पैसे माणशी साडेतीन लाख, विमान धरून. आम्ही हिमाचल, नेपाळ, व्हिएतनाम असंच फिरलोय. दोघंही शाकाहारी, अंडं चालतं. किती दिवस कुठे द्यावेत आणि पैसे पुरतील का?

दारेसलामकर

नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षं दार-एस-सलामला काढली, आता पुण्यात. तुमची यादी वाचून आधी हसलो, मग नकाशा उघडला. दहा देश म्हणजे सरासरी सहा दिवसांना एक देश. त्यातला एक दिवस सीमेवर, एक बसमध्ये आणि एक बसनं आलेला शीण काढण्यात जाणार. व्हिएतनाममध्ये रात्रीच्या स्लीपर बसनं दिवस वाचतो, तो हिशोब इथे चालत नाही.

तीन देश करा : केनिया, तांझानिया, झांबिया. नैरोबीत उतरायचं, लुसाकाहून परत यायचं. जाताना एक आणि येताना दुसरं शहर असं एकाच बुकिंगमध्ये मिळतं, अदिसअबाबामार्गे सहसा परवडतं. नैरोबीला परत यायचं म्हटलं तर तिकीट थोडं स्वस्त दिसेल, पण उलट प्रवासात आठवडा जाईल.

आता पैसे. लोक रोजचा खर्च काढतात, त्याला दिवसांनी गुणतात आणि फसतात. आफ्रिकेत रोजचं जगणं महाग नाही, ठोक खर्च महाग आहेत. दोन वह्या करा.

पहिली वही रोजची. साधी स्वच्छ खोली दोघांत, स्थानिक जेवण, मटाटू किंवा डालाडाला (तिकडच्या वडाप मिनीबस), लांबच्या बसचं तिकीट, हे सगळं माणशी ३० डॉलरांत बसतं. डॉलर ९० रुपये धरला तर साठ दिवसांचे १ लाख ६२ हजार. तांझानियाच्या झांझिबार बेटावर जुलैत खोल्या चढ्या असतात, तिथली उधळपट्टी केनियाच्या मोंबासात आणि दक्षिण तांझानियातल्या म्बेयात भरून निघते.

दुसरी वही ठोक. विमान ५५ हजार धरा. केनियाला २०२४ पासून व्हिसा नाही, त्याऐवजी इ-टीए म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवाना काढावा लागतो. तांझानियाचा इ-व्हिसा ५० डॉलर. झांझिबारला ऑक्टोबर २०२४ पासून त्यांचाच विमा सक्तीचा, ४४ डॉलर, तुमचा भारतातला विमा असला तरी. झांबियाचा व्हिसा धरून हे सगळं माणशी १५० डॉलरच्या आसपास. तुमचा स्वतःचा प्रवास विमा दहा हजार. झाले साधारण ७८ हजार.

दोन्ही वह्या मिळून २ लाख ४० हजार. उरले १ लाख १० हजार, आणि खरा निर्णय इथेच आहे. तांझानियातल्या सेरेंगेटी-गोरोंगोरो जंगलांची चार दिवसांची तंबूवाली सफारी गाडीत चार-पाच जण असतील तर माणशी ८०० ते १००० डॉलर. हा दर ऐकून लोक एजंटला लुटारू म्हणतात. पण सेरेंगेटीचं परदेशी माणसाचं शुल्कच दिवसाला ७० डॉलर, वर १८ टक्के व्हॅट, तंबूचे वेगळे. गोरोंगोरोच्या विवरात गाडी उतरवायचे व्हॅटसकट २९५ डॉलर, गाडीत दोघं असा नाहीतर सहा. म्हणून अरुशात, म्हणजे जिथून या सफारी निघतात त्या गावात, दोन दिवस थांबा आणि गाडी भरणारे सोबती शोधा. ते दोन दिवस आळसाचे नाहीत, त्यात तुमचे माणशी शे-दोनशे डॉलर वाचतात.

केनियातलं मसाईमारा अभयारण्य हवं असेल तर ३० जूनच्या आत. जानेवारी ते जून परदेशी माणसाला दिवसाचे १०० डॉलर, १ जुलैपासून २००. पण मारा आणि सेरेंगेटी दोन्ही करू नका, एकाच गवताळ प्रदेशाच्या दोन बाजू आहेत. युगांडात गोरिला बघायचे ८०० डॉलर आणि रवांडात १५००, तेही फक्त परवान्याचे. तुमच्या पैशांत सफारी किंवा गोरिला, एकच बसेल. मी सफारी म्हणेन.

दिवस असे : केनियाला अठरा, तांझानियाला सव्वीस-सत्तावीस, झांबियाला दहा-बारा, बाकीचे मोकळे. मोकळे म्हणजे मोकळेच, त्यांना गाव नेमून देऊ नका. मोंबासा नैरोबीच्या रेल्वेनं करा, पाच-सहा तास, साधं तिकीट १,५०० शिलिंग. नैरोबीहून अरुशा शटल बसनं, नमांगाची सीमा ओलांडून, एका दिवसाचं काम. अरुशाहून दारला (म्हणजे दार-एस-सलामला) बसनं अख्खा दिवस. दारहून झांझिबारला बोट, दोन तास, ३५ डॉलर.

एक वेळेची गंमत. स्वाहिलीत घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे सकाळचे सात म्हणजे पहिला तास. बसवाल्यानं ‘बारा’ सांगितलं तर गाडी पहाटे सहाची असू शकते. प्रत्येक वेळी बोटानं मनगट दाखवून विचारा. शिकलेले लोक इंग्रजीत बोलताना आपल्यासारखीच वेळ सांगतात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.

कोयनाकाठची

दारेसलामकरकाका, झांबियापर्यंत कसं जायचं ते लिहायचं राहिलं. ताझारा रेल्वे!

मी एकटी गेले होते, दोन वर्षांपूर्वी. दारहून झांबियातल्या कपिरी म्पोशीपर्यंत १,८६० किलोमीटर, सत्तरच्या दशकात चीननं बांधलेली. वेळापत्रकात दोन रात्री, प्रत्यक्षात पुढेमागे. दार सोडल्यावर काही तासांनी गाडी अभयारण्यातून जाते, मी खिडकीतून जिराफ आणि हत्ती बघितले, तिकिटाच्याच पैशांत. डब्यात बायका आणि पुरुष वेगळे बसवतात. तुम्हा दोघांना एकत्र राहायचं तर चार बर्थचा पूर्ण कंपार्टमेंट घ्यावा लागेल, तरीही विमानापुढे किरकोळ.

जेवणाची काळजी नको. केनियात चपाती रोजच्या जेवणात असते, सोबत राजम्यासारखे बीन्स आणि सुकुमा म्हणजे पालेभाजी. तांझानियात वाली-महारागे, भात आणि नारळातले बीन्स. अंडं चालतं ना, मग चिप्सी मायाई खा. बटाट्याच्या चिप्स घातलेलं आम्लेट, रस्त्यावर कुठेही. फक्त दहाव्या दिवशी तोंडाला काहीतरी आंबट-तिखट हवं होतं, लोणचं न्याच.

दारेसलामकर

ताझारा मुद्दाम गाळली होती. तिची पुनर्बांधणी चिनी कंपनीकडे गेली आहे, शिवाय इंजिनं बिघडून गाडी बंद पडण्याचे प्रकार झालेत. गाडी चालू आहे का इथपासून दारच्या स्टेशनवर जाऊन विचारा, इंटरनेटवर विसंबू नका. नसेल तर बसनं म्बेया, तिथून सीमेवरचं तुंडुमा, सीमा पायी ओलांडून झांबियातलं नाकोंडे आणि पुढे लुसाकाची बस. नाकोंडे ते लुसाकाच हजारेक किलोमीटर, अंग मोडतं. तुंडुमाला पैसे बदलून देणारे अंगावर येतात, मोजताना हात चलाख असतो. तिथे फक्त बसच्या तिकिटापुरते बदला.

तरीही गाडी मिळाली तर जाच. फक्त लुसाकाचं विमान आणि ताझारा यांच्यात आठवडाभर अंतर ठेवा.

उंटावरचा_शहाणा

माझं मत वेगळं. सफारीत ८०-९० हजार चार दिवसांत घालवण्यापेक्षा केनियात नैवाशाजवळ हेल्स गेट राष्ट्रीय उद्यानात सायकल भाड्यानं घ्या. झेब्रे, जिराफ, हरणं यांच्यामधून सायकल मारत जायचं, गाडी नको, गाईड सक्तीचा नाही. सिंह दिसणार नाही एवढंच. वाचलेल्या पैशांत झिम्बाब्वे जोडा.

दारेसलामकर

हेल्स गेट करा, नक्की करा, पण सफारीच्या बदल्यात नको. इतक्या लांब जाऊन सेरेंगेटी न बघता परत आलेले माझ्या ओळखीत आहेत, ते अजून हळहळतात. आणि झिम्बाब्वे कशाला? धबधबा झांबियातूनही दिसतो, तिकडे तिकीट २० डॉलर, झिम्बाब्वेकडे ५०. ऑक्टोबरात झांबियाकडचा कडा जवळजवळ कोरडा पडतो, तेव्हा तुमचं म्हणणं पटलं असतं. हे जुलैअखेर पोचतायत, पाणी भरपूर असेल.

सांगलीचा_सॅकवाला

सगळ्यांचे आभार. बायकोनं यादी वाचून दहातले सात देश स्वतःच खोडले, मला विचारलंही नाही. सफारी ठेवतोय, मारा आणि गोरिला गेले. डॉलर किती रोख न्यावे? आणि इंजेक्शनं?

दारेसलामकर

सफारीचे बरेचसे पैसे कार्डानं देता येतात, पण वर तीन-चार टक्के लावतात. माणशी हजार-बाराशे डॉलर रोख, दोघांत वाटून. नोटा २०१३ नंतर छापलेल्या आणि कोऱ्या हव्यात, जुनी किंवा पेनाची रेघ असलेली नोट परत करतात. सांगलीत मनी चेंजर देईल ती गड्डी तिथेच उलगडून बघा. केनियात पासपोर्टवर सिम घेऊन एम-पेसा (मोबाइलवरून पैसे द्यायची सोय) सुरू करा, भाजीवालीपासून मटाटूपर्यंत चालतं.

यलो फिव्हरची लस निघण्याआधी निदान दहा दिवस, सरकारमान्य केंद्रातच, पिवळं कार्ड पासपोर्टला जोडून ठेवा. ते जन्मभर चालतं. केनियाहून येणाऱ्याकडे ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून इथूनच न्या. डॉक्सिसायक्लिन दिली तर परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते, घरी पोचल्यावर लोक बंद करतात.

स्वेटर न्या, जुलैत गोरोंगोरोच्या कड्यावर रात्री कुडकुडायला होतं. केनिया आणि तांझानिया दोन्हीकडे प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, तेव्हा सामान कापडी पिशव्यांत भरा. लोणच्याची बरणी चेक-इन बॅगेत.