जागलीच्या रात्रींची माझी गाणी

सध्या ऐकत असलेली जुनी आणि नव्याने गवसलेली गाणी प्रत्येकाने सांगावीत, असे या गटावर एकाने सुचवले आहे. त्यावरून माझी यादी देतो. हरभऱ्यात रानडुकरे शिरू नयेत म्हणून हिवाळाभर मचाणावर जागल करावी लागते आणि ही गाणी तिथेच, घोंगडीत मोबाईल धरून, ऐकलेली आहेत.

जुन्यांत पहिला मान राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांचा. आमच्या गावातील मंडळी ती पहाटे आजही म्हणतात. पण महाराजांच्या स्वतःच्या आवाजातील ध्वनिमुद्रण ऐकताना खंजिरीवर बोट पडल्यानंतर झांजांचा जो बारीक किणकिणाट मागे उरतो, तो मला शब्दांइतकाच प्रिय आहे. त्यानंतर अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांचे ‘मालवून टाक दीप’. हृदयनाथांची चाल आणि लताबाईंचा संयत स्वर यांमुळे ते दिवसा ऐकवतच नाही.

नव्याने गवसली ती शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांची निर्गुणी, म्हणजे निराकार ईश्वराची, भजने, तीही फार उशिरा. क्षयाच्या आजारपणात ते देवासला राहायला गेले आणि तिथे कानी पडलेल्या माळव्यातील लोकधुनांनी त्यांचे गाणे बदलले, हे कळल्यावर मी ती भजने पुन्हा लावली, तेव्हा छोट्या, तुटक वाटणाऱ्या ताना आणि त्यांमधील शांतता यांचा अर्थ उलगडू लागला.

झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भातील, दंडार या लोकनाट्याची गाणीही नुकतीच ऐकू लागलो आहे. भंडारा-गोंदियाकडील कोणी त्यांची चांगली ध्वनिमुद्रणे सुचवल्यास मी मनापासून आभारी राहीन.